सातवा ड्रम

छोट्या मित्रांनो, आज सकाळी तुम्ही गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधलीत. पुठ्ठ्यावर 'आज गाड्या बंद. चाला, नाहीतर सायकल चालवा' असे लिहिलेत आणि दोरीचे एक टोक माझ्या कडेला गुंडाळलेत. मला विचारलेत का? नाही. गंजक्या ड्रमाला कोण विचारतो! पण राग नाही. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला कामाला लावले, म्हणून खरे तर बरेच वाटले.

आता एक करा. माझ्या कडेवर हात फिरवा, पण सावकाश, पत्रा फार चरचरीत झाला आहे. एका ठिकाणी वाटाण्याएवढा टणक थेंब लागेल. ते डांबर आहे. त्याच्याखाली चार बोटांवर एक पोचा आहे. या दोन खुणांवरून मला ओळखणारे एकच माणूस या बुऱ्हाणपुरात होते, आणि त्या माणसाला दिसत नव्हते. त्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे. माझी स्वतःची त्यात आपोआप येईल.

समुद्राजवळच्या कुठल्याशा कारखान्यात माझा पत्रा गोल वळवला गेला. पोटात डांबर भरून, तोंड बंद करून मला मालगाडीत चढवले. आमच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा मी काळाकुळकुळीत आणि तरणाबांड होतो. उतरवताना एका हमालाच्या हातून निसटलो आणि रुळाच्या खडीवर आपटलो. पोचा आला तो तेव्हाचा. लोधीपुऱ्यापासून तापीवरच्या राजघाटाकडे जाणारी ही गल्ली आणि तिच्या टोकाला आडवा जाणारा मोठा रस्ता, दोन्ही तेव्हा खडीचे होते. गजाने माझे तोंड फोडले, खाली लाकडे पेटवली आणि माझ्या पोटातले डांबर झारीझारीने या रस्त्यावर ओतले. पायांना पोती गुंडाळलेली माणसे धुरात खोकत ते पसरत होती. रस्ता आरशासारखा झाला. लोक कौतुकाने बघायला आले. मीही तेव्हा फुशारून गेलो होतो.

मला काय ठाऊक की गुळगुळीत रस्त्यावरून पहिल्यांदा कोण पळणार! शाहपुराकडून केळीचे ट्रक येत. बाजारातल्या गर्दीत अडकायला नको म्हणून ते आता या गल्लीतून घुसू लागले. स्टेशनवर केळीची वॅगन लागलेली असे आणि ड्रायव्हर हॉर्न दाबून ओरडत, "हटो, हटो! माल सड जाएगा!" माणसे भिंतीला चिकटून उभी राहत. सायकलवाले उतरून गटारात पाय देत. दोन म्हशी गेल्या, एका पोराच्या पायावरून चाक गेले. रस्ता खडीचा होता तोवर यातले काही झाले नव्हते. ते डांबर माझ्याच पोटातले होते, हे मी विसरू शकत नाही.

मी मात्र तेव्हा नगरपालिकेच्या गोदामामागे रिकामा पडून होतो. पावसाचे पाणी साचे, बेडूक राहत, आणि वर्षे जात.

या गल्लीतून मुलींच्या शाळेतल्या निर्मलाबाई रोज सायकलने जात. गावात सायकल चालवणाऱ्या त्या एकट्याच बाई, त्यामुळे त्यांना नावे ठेवणारेही पुष्कळ होते. गल्लीत ट्रकबंदी करा, असा अर्ज त्यांनी फार पूर्वीच दिला होता. तो कागद नागपूरला गेला. मग नवे राज्य झाले, आमचे गाव नागपूरऐवजी भोपाळकडे बघू लागले आणि त्या धावपळीत कागद कुठे गेला हे कोणालाच सांगता येईना. बाईंनी दुसरा अर्ज लिहिला. तो मराठीत होता म्हणून परत आला. तिसरा त्यांनी हिंदीत लिहिला आणि स्वतः घेऊन पालिकेत आल्या. गोदामाच्या पडवीतच त्यांची आणि दिगंबर ओव्हरसियरांची गाठ पडली, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाई, हा वर पाठवला तर तुमच्या मुलींच्या मुली शाळा संपवतील," ओव्हरसियर म्हणाले. "त्यापेक्षा आपण कच्चा प्रयोग करू. पक्कं काही बांधायचं नाही. पंचेचाळीस दिवस गल्लीत ड्रम उभे करू. फायदा दिसला तर कमिटीपुढे मांडतो."

"आणि फायदा मोजायचा कसा?"

"मोजा की तुम्ही. तुम्ही गणित शिकवता ना?"

अशी आमची भरती झाली. सात ड्रम निवडले. पालिकेचा कामगार उखर्डू याने आम्हाला घासले, वरच्या अर्ध्या अंगाला चुना फासला, पोटात दगड भरले आणि गल्लीच्या मधोमध रांगेने उभे केले. ट्रक मावेना, पायी माणूस आणि सायकल मात्र दोन्ही बाजूंनी आरामात जाई. ट्रकांना मोठ्या रस्त्याने वळसा घालावा लागला. सातवा मी. गल्ली संपते आणि मोठा रस्ता आडवा येतो, त्या टोकावर माझी जागा. रस्त्यापलीकडे घाटाची वाट सुरू होते.

पहिले दोन दिवस लोकांनी आमची यथेच्छ टिंगल केली. कोणी आमच्यावर पान थुंकले, कोणी "पालिकेने लग्नाचं पाणी भरून ठेवलं का?" असे विचारले. मग हळूहळू गल्लीचा आवाज बदलला. माणसे बोलत बोलत चालू लागली. निर्मलाबाई शाळेच्या आधी तासभर माझ्याजवळ उभ्या राहून माझ्या काळ्या पोटावर खडूने रेघा मारत. पायी जाणाऱ्याची उभी रेघ, सायकलची आडवी. पहिल्या दिवशी आडव्या रेघा अकरा होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्या पोटावर मावेनात. पावसाने रेघा पुसण्याआधी बाई त्या वहीत उतरवून घेत आणि स्वतःशीच हसत.

पण माझ्यासाठी सकाळ व्हायची ती धुरपदाबाई आल्या की. लोधीपुऱ्यात त्यांचे घर. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. उजेड आहे की अंधार, एवढेच कळे. त्या वर्षी अधिक श्रावण होता. आदल्या अधिकात तापीचे रोजचे स्नान त्यांनी धरले होते, पण ट्रकांच्या भीतीने चौथ्या दिवशी सोडावे लागले. ते त्यांच्या मनाला फार लागून राहिले होते. या खेपेस तीसही दिवस स्वतःच्या पायांनी जायचे, असे त्यांनी ठरवले. सून मालूबाई पहाटेच खुरपणीला निघून जाई. तिने पहिल्या दिवशी सासूला गल्लीच्या तोंडाशी आणून सोडले आणि तिथेच आम्हा ड्रमांशी त्यांची टक्कर झाली.

"हे काय व मधात? कोणी उभं केलं हे धूड?"

"माय, ड्रम हाय," उखर्डू धावत आला. "आता इकडून मोटार नाही येनार. सात ड्रम हायेत. एकाले हात लाव, मंग दुसरा, मंग तिसरा. सातवा आला का थांब. तिथं मी ऱ्हातो. मी तुले रस्ता पार करून देतो."

"तू रोज ऱ्हाशीन?"

"रोज. ओव्हरसियर साहेबानं माही ड्युटीच तिथं लावली."

त्या दिवसापासून त्या एकट्या येऊ लागल्या. डाव्या हातात लुगड्याची घडी, उजवा हात पुढे. पहिल्या ड्रमापासूनच त्यांचा मोजण्याचा आवाज माझ्यापर्यंत येई. एक. दोन. तीन. माझ्यापाशी आल्या की त्यांचा हात माझ्या कडेवर फिरे, डांबराच्या थेंबावर थांबे, मग पोच्यावर उतरे. "सात झाले. थांब आता, धुरपदे," असे त्या स्वतःलाच सांगत. मग उखर्डू त्यांचा हात धरून पलीकडे नेई. नदी गढूळ आणि चढलेली असे. वरच्याच पायरीवर बसून, कोणाकडून तरी तांब्याने पाणी घालून घेऊन त्या स्नान करत. परतताना ओल्या हाताने मला पुन्हा चाचपत. त्या हाताचा गारवा मला अजून आठवतो. सगळ्या आयुष्यात मला एवढ्या मायेने दुसऱ्या कोणी हात लावला नाही.

"पुढचा अधिक तीन वर्सांनी," एकदा त्या उखर्डूला म्हणाल्या. "मी काय तंवर ऱ्हाते का रे? हाच शेवटचा. हा पुरा झाला का मी मोकळी."

दिवस भरत आले. अठ्ठावीस झाले. एकोणतीस झाले. त्या दिवशी चौदा ऑगस्ट होता.

संध्याकाळी दिगंबर ओव्हरसियर सायकलवरून घाईघाईने माझ्यापाशी आले. दुसऱ्या दिवशी मैदानावर झेंडावंदन होते. झेंड्याचा बांबू रोवायला केलेला खड्डा पावसाने भरून गेला होता. दगड भरलेला भक्कम ड्रम हवा होता. त्यांनी सातही ड्रम ठोकून पाहिले आणि मला पसंत केले.

उखर्डू डोके खाजवत म्हणाला, "साहेब, सकाळी बुढी माय येते. तिची ही थांबायची खून हाय."

"अधिक संपला ना रे आज? अमावस्या लागली."

उखर्डूने बोटांवर मोजले. अमावस्या त्या सकाळी लागली होती खरी. दुपारपर्यंत घाटावर बायकांनी वाणेही देऊन टाकली होती. म्हणजे महिना पुरा झाला, असे त्याला वाटले. पण अमावस्या लागली होती ती दिवस वर आल्यानंतर. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेल तेव्हाही ती असणार होती, आणि धुरपदाबाई उगवतीची तिथी धरत. त्यांचे तिसावे स्नान पंधरा तारखेच्या सकाळी होते. हे विचारायला लोधीपुऱ्यात जायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटे.

"संपला असंन," उखर्डू म्हणाला.

"आणि उद्या सुट्टी. रस्त्यावर कोण येतंय? झेंडावंदन झालं की आणून ठेव परत. तू पण उद्या मैदानावरच ये."

मला हातगाडीवर चढवले. मित्रांनो, खरे सांगतो, त्या संध्याकाळी मला धुरपदाबाईंची आठवणसुद्धा झाली नाही. मला नवा चुना लावला, कडेला झेंडूची माळ घातली, माझ्या पोटात बांबू रोवला. डांबराच्या ड्रमाला याहून मोठा मान कोणता मिळणार? मी आनंदाने नुसता फुलून गेलो होतो.

सकाळी मैदानावर शाळांच्या रांगा लागल्या. निर्मलाबाई आपल्या मुलींना घेऊन आल्या. झेंडा वर गेला, फुले पडली, राष्ट्रगीत झाले. ते संपते न संपते तोच एक सायकलस्वार धापा टाकत आला आणि त्याने ओव्हरसियरांच्या कानाशी काहीतरी सांगितले. उखर्डू शेजारीच उभा होता. त्याच्या हातातला खोबऱ्या-साखरेचा कागद खाली पडला आणि तो पळत सुटला.

मी तिथे नव्हतो. जे झाले ते मला नंतर सहाव्या ड्रमाने सांगितले. धुरपदाबाई नेहमीच्या वेळी आल्या. घाटावर जाणाऱ्या दुसऱ्या बायका पुढे निघून गेल्या होत्या. एक, दोन करत त्या सहाव्यापर्यंत आल्या, त्याला थोपटले आणि पुढे निघाल्या. माझ्या जागेपाशी हात फिरवला तर हाताला काही लागेना. त्या म्हणाल्या, "सात कुठी हाय?" मग आणखी एक पाऊल. "उखर्डू, ओ उखर्डू! सात कुठी गेला रे?" हात पुढे करून मला शोधत त्या मोठ्या रस्त्यावर गेल्या. सुट्टी कचेरीला होती, केळीला नव्हती. वॅगन गाठायला निघालेला ट्रक वळणावरून आला.

ड्रायव्हर पळून गेला नाही. त्याने रडत रडत त्यांना उचलले, केळीच्या पाल्यावर निजवले आणि स्वतः दवाखान्यात नेले. जीव वाचला, पण कमरेचे हाड मोडले होते. त्या वयात ते जुळणार नव्हते. दहा-बारा दिवसांनी त्यांना घरी आणून खाटेवर ठेवले.

मला गोदामात परत नेले होते. तिथेच निर्मलाबाई ओव्हरसियरांशी भांडल्या. त्यांच्या हातात ती रेघांची वही होती.

"तुम्ही लिहिलंत की प्रयोगाच्या काळात एक गंभीर अपघात झाला, सबब ड्रम काढावेत? दिगंबरराव, अपघात ड्रम ठेवल्यामुळे झाला की काढल्यामुळे?"

ओव्हरसियरांनी गोदामाचे दार लोटून घेतले. वाईट माणूस नव्हता तो. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ड्रम मी हलवला असं लिहिलं तर मी संपलो. नव्या राज्याच्या नोकरवर्गाच्या यादीत अजून माझं नाव बसायचंय. घरी पाच माणसं खाणारी आहेत."

"म्हणून काय लिहिलंत?"

"वृद्धा दृष्टिहीन असल्याने तिची चूक झाली, असं."

बाईंनी ती वही मिटली आणि माझ्यावर ठेवली. मग पुन्हा उचलून छातीशी धरली. त्या बाहेर गेल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. पंचेचाळीस दिवस व्हायच्या आत बाकीचे सहाही ड्रम गोदामात आले. गल्ली ट्रकांना मोकळी झाली. काही दिवसांनी बाईंची सायकलसुद्धा दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागली, असे कळले.

उखर्डू रोज धुरपदाबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसे. खरे सांगायचे ठरवून जाई आणि न सांगता परत येई. गोदामात येऊन माझ्यावर डोके टेकून रडे. पोळ्याच्या दिवशी मात्र तो हातगाडी घेऊन आला, माझ्यातले दगड काढले आणि मला लोधीपुऱ्यात नेले. धुरपदाबाई एकच गोष्ट मागत होत्या. मला एकदा त्या ड्रमापाशी न्या, माझा हात कुठे चुकला ते मला बघू द्या.

त्याने मला खाटेला लावून उभे केले. धुरपदाबाई फारच वाळल्या होत्या. हात हवेत वर आला, माझ्या कडेवर पडला आणि फिरू लागला. थेंब सापडला. पोचा सापडला.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच माहा सातवा. हा तिथंच व्हता ना रे, उखर्डू? जागेवर?"

मालूबाई दारात उभी होती. ती उखर्डूकडे बघत राहिली. उखर्डू खाटेपाशी उकिडवा बसला. मला वाटले, आता हा सांगेल. सांग रे बाबा, सांग, असे मी आतून ओरडत होतो. पण रिकाम्या ड्रमाला कोणी ठोकल्याशिवाय आवाज येत नाही.

"व्हता, माय," तो म्हणाला. "जागेवरच व्हता."

"मंग माहाच हात चुकला," धुरपदाबाई म्हणाल्या. "एक दिवस ऱ्हायला व्हता रे फक्त. माह्याच हातानं घात केला. तू रडू नको. तू तं रोज उभा ऱ्हायलास माह्यासाठी."

चार दिवसांनी त्या गेल्या. आपलाच हात चुकला, असे मनात धरून गेल्या.

उखर्डूने मला परत नेले नाही आणि पालिकेनेही विचारले नाही. मी गल्लीच्या तोंडाजवळच, धुरपदाबाईंच्या दाराशी राहिलो. कधी पाणी भरले, कधी राख, कधी काहीच नाही. उखर्डू म्हातारा होईपर्यंत रोज या वाटेने जाई आणि माझ्यापाशी आला की मान खाली घाली. तो गेला, मालूबाई गेली. हे आता कोणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमची दोरी संध्याकाळी सुटणार, हे मला कळते. आज दिवसभर या गल्लीतून म्हातारी माणसे निर्धास्त चालली, लहान पोरी सायकल चालवायला शिकल्या. मला फार फार बरे वाटले आणि फार भीतीही वाटली. एका दिवसापुरती का होईना, तुम्ही लोकांना सवय लावता. कोणीतरी तुमच्या दोरीवर, तुमच्या पुठ्ठ्यावर भरवसा टाकून पाऊल उचलते. म्हणून दोरी सोडण्याआधी दारोदार जा आणि सांगा की आता गाड्या सुरू होतील. ज्यांना दिसत नाही त्यांना दोनदा सांगा. त्यांनी ते ऐकले आहे ना, याची खात्री करून घ्या. पाच मिनिटे लागतात.

आणि मला गंजून संपायच्या आत एक गोष्ट तुमच्या हवाली करायची आहे. पालिकेच्या जुन्या कागदांत कुठेतरी लिहिलेले असेल की वृद्धेची चूक झाली. तुम्ही मोठे व्हाल, कचेऱ्यांत बसाल. तो कागद कधी हाती आला, तर त्याखाली एवढे लिहा की धुरपदाबाईंचा हात चुकला नव्हता. त्या बरोबर जागी थांबायला आल्या होत्या. मी तिथे नव्हतो.